आमच्या पुढच्या खोलीतली शाळा

"कॅमेरा बंद केलास तर तंगडं मोडीन!"

असं ती तिसरीच्या पोरांना म्हणायची. फोनात तोंड घालून. पोरं कुठल्या गल्लीत, कुठल्या माळ्यावर, आणि ही आमच्या पुढच्या खोलीत बसून त्यांची तंगडी मोडणार. आमची ही आतनं हसायची. "अगं मिस, फोनातनं तंगडं कसं मोडणार गं तू?" मग मिस फोनावर तळवा ठेवून मागं वळायची आणि हळूच सांगायची, "अक्का, त्यांना तेवढं अजून कळत नाही. कळेपर्यंत शिकवून घेते."

मी शिकलेला माणूस नव्हे. चौथीत मास्तरनं डोक्यात पाटी घातली, पाटी फुटली, शाळाही तिथंच फुटली. निपाणीकडचा मी. तरुणपणी बेंगळूरला आलो, सरकारी कारखान्यात भट्टीवर काम केलं, तापलं लोखंड घणाखाली धरलं. रिटायर झाल्यावर महादेवपुऱ्यात बांधलेल्या घरात आम्ही दोघंच. मूलबाळ नाही. लिहिताना चुकलो तर सोडून द्या. पण जे सांगतो ते डोळ्यानं बघितलेलं आहे. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल. कडक म्हणून तुम्ही तिच्या वाटेला गेला नसाल, एवढंच.

मिस आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं होती. भालकीकडची. एकटी. लग्न झालं होतं आणि मोडलं होतं एवढं कळलं होतं, पुढं विचारायला आमचं तोंड झालं नाही. काटकी बाई. जाड चष्मा, अंगात नाइटी, वर ओढणी, आणि त्या हाडांतनं असला आवाज निघायचा की आमच्या दारातलं कुत्रं उठून समोरच्या दारात जाऊन झोपायचं. वयानं माझ्या निम्मी, तरी मीही मिसच म्हणायचो. सगळी गल्ली म्हणायची. नाव कोणी घेत नव्हतं, म्हणून इथं मीही घेत नाही.

गल्लीच्या तोंडाशी एक छोटी शाळा आहे, तिथं ती तिसरीला होती. तिच्या लाकडी पट्टीची दहशत होती. आईबाप खूश होते. "मिसकडं घाला, पोरगं सरळ होईल," म्हणायचे. शाळा सुटली की मिस गेटात उभी राहायची आणि ज्याचा अभ्यास झाला नसेल त्याच्या बापाला सांगायची, "घरी जरा बघा ह्याच्याकडं." बाप बरं म्हणून मान हलवायचे, "सरी मिस." एवढंच. शाळेचं घराशी बोलणं म्हणजे एवढंच होतं. घरी काय बघितलं जायचं, ते गेटातनं दिसत नव्हतं.

मग रोगाचं लॉकडाऊन आलं. शाळेला कुलूप. वरती पत्र्याखाली मिसच्या फोनाला रेंज नाही, आमच्या पुढच्या खोलीत चांगली. ती खाली आली. आमच्या हिनं पितळी तांब्या काढून दिला, मिसनं त्याला रबर लावून फोन बांधला, तांब्या टीपॉयवर ठेवला. झाली शाळा.

मी कोपऱ्यात खुर्ची टाकून बघत बसायचो. दुसरं काम काय होतं? फोनावर चौकटी चौकटी, प्रत्येक चौकटीत एक घर. एकाची आजी मागं तोंडात मिश्री लावून बसलेली. एकाचा बाप चड्डीवर यायचा आणि कॅमेरा दिसला की रांगत परत जायचा. एकदा आमच्या हिनं फोनात डोकावून आरडा केला, "अगं, त्या पोराच्या मागं दूध उतू चाललंय, सांग की!" मिस ओरडली, "दूध! अम्माला सांग, दूध!" झालं, सगळ्या चौकटीतल्या बायका आपापल्या चुलीकडं पळाल्या. त्या दिवसापासनं त्या एकमेकींना ओळखायला लागल्या. कुणाच्या घरी काय शिजलंय, कुणाची सासू कजाग आहे, सगळं कळायला लागलं. चेतन नावाच्या पोराची अम्मा डोसे घालायची, ती रोज कॅमेऱ्यासमोर डोसा धरून विचारायची, "अक्का, कसा आलाय?" आमची ही इथनं सांगायची, "कडा जळल्या!"

तर असं हसत खेळत चाललं होतं. आणि मग नंदाचं झालं.

नंदा तळ्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायची. औरादकडची माणसं, आमच्यासारखीच घरात मराठी बोलणारी. आई अपार्टमेंटात झाडलोट करायला जायची, लॉकडाऊनमध्येही तिला बोलवायचे. बाप सेंटरिंगच्या कामावर, म्हणजे स्लॅब टाकायच्या आधी खाली फळ्या ठोकायच्या. ते काम बंद. बाप दिवसभर घरात, आणि दारू कुठनं तरी मिळतच होती.

एक दिवस मिसनं नंदाला सातचा पाढा विचारला. पोरगी सेव्हन फोरजाला अडकली. परत विचारला, परत अडकली. मिसनं गेटातल्या सवयीनं म्हटलं, "घरात कोण आहे? बोलव."

बाप आला. केस नीट केलेले. कॅमेऱ्याला हात जोडले. मिस म्हणाली, "लक्ष नाही हिचं. घरी जरा बघा हिच्याकडं."

"सरी मिस," तो म्हणाला. आणि त्यानं भिंतीवरची चार्जरची वायर ओढली, दुहेरी केली आणि पोरीला मारायला सुरुवात केली. तिथंच. चौकटीत. आरडाओरडा नाही, राग नाही, एखादा माणूस गादी झोडपतो तसं. वायरीचा आवाज फोनातनं शिट्टीसारखा यायचा. मिस किंचाळत होती, "बस! बस करा! अहो बस!" त्याला वाटलं बाई भीड म्हणून म्हणतेय. तो थांबला, घाम पुसला, हसला आणि म्हणाला, "तुम्ही काळजी करू नका मिस. आता येईल." आणि पोरीचं तोंड फोनाकडं धरलं.

पोरीनं पाढा म्हटला. सेव्हन वन्जा सेव्हनपासनं शेवटपर्यंत. एकही चूक नाही. नाकातनं रक्त ओठावर येत होतं, ते चाटत म्हणत होती. बाकीच्या चौकटीतली सगळी पोरं हाताची घडी घालून बसली होती.

मिसनं फोन पालथा घातला. मोरीत जाऊन ओकली. परत आली आणि म्हणाली, "अण्णा, मी गेटात रोज सांगत होते. रोज कुणाला ना कुणाला."

मी म्हटलं, "मग काय घरी पेढे वाटतात वाटलं काय तुला?"

आमची ही माझ्यावर डोळे काढून बघायला लागली. पण मी खरं तेच बोललो. मिसनं पट्टी घेतली आणि गुडघ्यावर मोडायला गेली. मोडेना. ती रडत गुडघ्यावर पट्टी आपटत राहिली, गुडघा सोलून निघाला. शेवटी मी घेतली आणि मोडून दिली. आमच्या हिनं ते तुकडे खिडकी आदळू नये म्हणून फटीत खोचले. तिचं सगळं असं होतं, वाया काही जायचं नाही.

मिसनं दुसऱ्या दिवसापासनं एक गोष्ट टिपली. नंदाचा कॅमेरा चालू असला की तिचा बाप सभ्य असायचा. चौकटीतनं जाताना केसावरनं हात फिरवायचा, बायकोला "अहो" म्हणायचा. त्याला वाटायचं, शाळा बघतेय. कॅमेरा बंद झाला की दुसऱ्या दिवशी पोरीच्या अंगावर नवीन वळ. मिसनं मला विचारलं, "अण्णा, माणूस असा कसा?" मी म्हटलं, "फोरमन भट्टीवर आला की आम्ही सगळे असेच व्हायचो."

मग तिनं युक्ती काढली. क्लास संपला की सगळ्यांना सोडायची आणि म्हणायची, "नंदा, तू थांब. तुझा पाढा राहिलाय."

रोज तिचा पाढा राहायचा. सकाळी सुरू झालेली शाळा तिची आई कामावरनं येईपर्यंत चालायची. तांब्यासकट फोन आमच्या स्वयंपाकघरात यायचा. आमची ही अवरेच्या शेंगा सोलत बसायची आणि नंदाशी बोलायची. तिकडं नंदा भांडी घासायची, फोन माठाला टेकवलेला. मध्येच मिस खडसावायची, "सेव्हन फोरजा?" नंदा म्हणायची, "थर्टी!" मिस म्हणायची, "चूक! थांब अजून."

आणि नंदा गालात हसायची. पोरीला पाढा झोपेत येत होता हो. ती मुद्दाम चुकायची. मिसनं तिला कधी सांगितलं नाही, तिनं मिसला कधी विचारलं नाही. थर्टी, थर्टी टू, फोर्टी, रोज नवीन उत्तर काढायची. तिला आमची ही अज्जी झाली. "अज्जी, आज काय केलंय?" "हुळीसांबार." "माझ्या वाटणीचं खा." असं चालायचं. बाप मागं भिंतीला टेकून, पायावर पाय घेऊन, दाखल्यासाठी आलेल्या पालकासारखा बसलेला.

तुम्ही म्हणाल, किती दिवस चालणार? तेच सांगतो.

एका दुपारी मिसनं विचारलं, "सेव्हन फोरजा?"

नंदा म्हणाली, "थर्टी सिक्स!"

आणि मागनं बाप म्हणाला, "ट्वेंटी एट."

आमची ही शेंग सोलता सोलता थांबली. बाप उठून पुढं आला. "ट्वेंटी एट, मिस. सेव्हन फाइवजा थर्टी फाइव. मी अंगठेबहाद्दर, मला पाढा यायला लागला. हिला कसा येत नाही?" त्यानं पोरीकडं बघितलं. मग फोनात बघितलं, मिसकडं, हिच्याकडं, शेंगांच्या सुपाकडं. त्याला कळलं. "माझ्यावर पहारा ठेवता होय," तो म्हणाला. "माझ्या घरात माझी पोरगी आहे का तुमची शाळा आहे?"

फोनात पत्रा दिसला, मग काहीतरी काळं, मग काहीच नाही.

मिस तशीच पळाली. नाइटीवर, अनवाणी. आमची ही मला म्हणाली, "बसलायस काय, जा!" मी चप्पल घालेपर्यंत मिस रस्त्याच्या वळणावर. रस्त्यात काळं कुत्रं नव्हतं. शेड दिसायच्या आधी पत्र्याचा आवाज आला. ढाण, थांबून ढाण. कोणी पत्रा ठोकतंय असं वाटावं. तो नंदाची वेणी मनगटाला गुंडाळून तिचं डोकं पत्र्यावर आपटत होता.

मिस त्याच्या पाठीवर चढली आणि त्याच्या कानाला चावली. सोडेचना. त्यानं पोरीला टाकलं, मागं हात घालून सेंटरिंगची फळी उचलली आणि मिसच्या तोंडावर घातली. जबडा मोडल्याचा आवाज मी ऐकलाय. ओला फाटा मोडतो तसा. ती खाली बसली, तोंडातनं रक्त आणि दात ओंजळीत पडत होते, आणि तशीच ती पोरीच्या अंगावर आडवी झाली. त्यानं फळी परत उचलली.

तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. म्हातारा झालोय, पण लोखंड कुठं वाकतं आणि कुठं तुटतं ते ह्या हातांना ठाऊक आहे. मी पिरगाळलं. तो ओरडला. मी अजून पिरगाळलं. तुटलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. देवाशपथ बरं वाटलं.

नंदाची आई कामावरनं आली तेव्हा नवरा हात धरून लोळत होता. तिनं काय केलं असेल? सरळ मिसकडं गेली आणि तिच्या त्या तुटक्या तोंडावर थोबाडीत दिली. "हात मोडलास माझ्या नवऱ्याचा! आता फळ्यांना हात कोण, तू लावणार का?" मोडला मी होता, खाल्ली मिसनं. मी पुढं झालो तर मिसनंच मला अडवलं.

आम्ही पोलिसात गेलो. साहेबांनी माझ्याकडं बघून विचारलं, "त्यानं मारलेलं कोणी बघितलं का?" मी म्हटलं, "मी बघितलं." तर म्हणाले, "आणि त्याचा हात तुम्हीच मोडला. लिहून घेऊ का अज्जा? पहिले आत तुम्ही जाल. घरातलं भांडण आहे, घरी जा."

घरी आलो.

मिसचे दात तारेनं बांधले. आमची ही तिला गंजी, म्हणजे तांदळाची पातळ पेज, नळीनं पाजायची. दोन दिवस झाले नाहीत तोवर बाई तांब्यापुढं येऊन बसली. बोलता येत नव्हतं. पाटीवर लिहून आमच्या हिला दाखवायची, आणि आमची ही, जिला सहीपुरतं येत होतं, ती मनानं जुळवून पोरांना ओरडायची. "मिस म्हणते, आज बेरीज! आणि कॅमेरा बंद केला तर तंगडं मोडीन म्हणते! हे ती म्हणत नाही, मीच म्हणते!" पोरं खिदळायची. मिसचे डोळे हसायचे. हसली की तारा रुतायच्या, मग गाल धरून बसायची.

पण नंदाची चौकट नव्हती. फोनच फुटला होता. दुपारी मिस एक प्लास्टिकची खुर्ची घेऊन तळ्यामागं जायची आणि शेडच्या दारासमोर मांडून बसायची. नंदा उंबऱ्यावर. पाटी एकीकडनं दुसरीकडं जायची. मागोमाग शेडमधली बाकीची पोरंही आपणहून येऊन बसायला लागली. आत बाप, हात प्लॅस्टरमध्ये, बायको घास भरवतेय. तो आतनं शिव्या घालायचा आणि रोज एक सांगायचा, "प्लॅस्टर निघू दे मिस. मग तुमचाही पाढा घेतो."

आम्ही त्या प्लॅस्टरकडं बघून जगत होतो. आमची ही देवापुढं बसून मागायची, "हाड जुळू नको दे." मी तिला म्हटलं, "असलं मागतात का?" ती म्हणाली, "तू मोडलंस, मी मागते. कुणाचं पाप मोठं ते वर बघून घेऊ."

हाड जुळलं. प्लॅस्टर निघालं.

सकाळचा क्लास चालू होता. आमचं गेट आदळलं आणि नंदाची आई आत आली, एका हातात नंदा, दुसऱ्यात कुकर. तिचे कपाळाजवळचे केस मुळासकट उपटलेले, तिथं कातडं ओलं दिसत होतं. नंदाचा कान फाटलेला. आई मिसपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "पोरगीला ठेवून घे. मला पण ठेवून घे. भांडं आणलंय." ह्याच बाईनं थोबाडीत दिली होती. मिसनं तिला खुर्चीवर बसवलं.

तोवर तो आला. हातात सळई. आधी आमच्या खिडक्या फोडल्या, मग कुंड्या. मी गेट धरलं तर गुडघ्यावर एक बसली, मी खाली. अजून थंडीत तो गुडघा बोलतो. आमची ही दारात आडवी उभी. "ये की! ये!" म्हणत होती. पाच फुटांचीही नव्हती ती.

मिसनं फोन उचलला. रबर सोडायला वेळ नव्हता, म्हणून तांब्यासकट. दोन्ही हातांनी तांब्या छातीशी धरून, देवळात कलश घेऊन चालावं तशी, ती त्याच्याकडं चालत गेली. बोलता येत नव्हतं. नुसती फोन त्याच्या तोंडासमोर धरून उभी राहिली. सगळा वर्ग चालू होता. सगळ्या चौकटीत पोरं, आणि प्रत्येक पोराच्या मागं आई.

फोनातनं बायका ओरडायला लागल्या. कन्नडमध्ये, हिंदीत, तेलुगूत. "ए! बिडो!" "हात मत लगा!" "नोडतिदीवी!" बिडो म्हणजे सोड, नोडतिदीवी म्हणजे आम्ही बघतोय. एका छोट्या फोनातनं एवढ्या बायकांचा आवाज, तो एक पाऊल मागं सरला. मग त्याला लाज आली असेल मागं सरल्याची. त्यानं सळई मिसच्या खांद्यावर घातली. ती गुडघ्यावर आली. तांब्या सोडला नाही. परत घातली. तांब्या सोडला नाही.

लोक म्हणतात, पोरांना हे बघायला नको होतं. बरोबर आहे. पण पोरं घरी काय काय बघतात ते कधी विचारलंय का?

चौकटीतल्या बायका बघता बघता कमी झाल्या. फोनात नुसत्या भिंती दिसायला लागल्या, आणि त्या बायका आमच्या गल्लीत. एकमेकींना पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघत होत्या. चेतनची अम्मा पुढं, हातात डोशाचं गरम उलथणं. बाकीच्यांच्या हातात झाडू, लाटणं, एकीच्या हातात पोराची पाण्याची बाटली. त्यांनी त्याला जो घेतला तो बघण्यासारखा होता. उलथणं गालाला लागलं तेव्हा चर्र झालं. तो माझ्या स्कूटरखाली घुसायला बघत होता. मी उठलो असतो तर मीही घातल्या असत्या.

मिस उठली. एक हात लोंबत होता. त्या बायकांच्या मध्ये घुसून ती बांधलेल्या दातांतनं "उं! उं!" करायला लागली आणि दाराकडं बोट दाखवायला लागली. दारात नंदा उभी होती, सगळं बघत. मिसचं म्हणणं एवढंच, हिच्यासमोर नको. बायका थांबल्या.

पोलीस आले. तेच साहेब. "कोणी बघितलं?" म्हणाले. मग बेंगळूरातल्या जेवढ्या भाषा आहेत तेवढ्यांत बायका बोलल्या, मी बघितलं. नुसतं त्या दिवशीचं नाही. वायरीचं पण. वायरीच्या दिवसाचं प्रत्येकीनं आपापल्या स्वयंपाकघरातनं बघितलं होतं आणि तोंड मिटून बसली होती. त्याला आत टाकलं. सुटल्यावर तो गावाकडं गेला असं ऐकतो. इकडं आला नाही.

शाळेनं मिसला काढून टाकलं. शाळेच्या क्लासमध्ये मारामारी दाखवली, पोलीस केस झाली, नाव खराब झालं, म्हणाले. चेतनची अम्मा बायकांना घेऊन भांडायला गेली, गेट उघडलं नाही. दुसरी नोकरी कुठली? दात तारेत, हात गळ्यात. भालकीहून भाऊ न्यायला आला. मिसनं वरच्या खोलीची किल्ली नंदाच्या आईला दिली. तिनं ती घेताना मिसच्या गालाला हात लावला, थोबाडीत दिली होती तिथंच.

पुढच्या उन्हाळ्यात रोग परत आला. आमची ही त्यात गेली. शेवटी भेटू दिलं नाही, प्लास्टिकात गुंडाळलेलं दाखवलं. ते कळवायला मी भालकीला फोन केला, तर भाऊ म्हणाला, ताई परवाच गेली. एकाच आठवड्यात दोघी. घरात आता मी एकटा बोलतो, उत्तर देणारं कोणी नाही. नंदा शाळेत जाते. तिची आई मला भाकरी देते. मी खातो.

मिस आमच्याकडनं भालकीला निघाली तो दिवस तेवढा सांगतो आणि थांबतो.

ऑटो दारात उभा होता. सामान चढलं. भाऊ पुढं ड्रायव्हरशेजारी, मिस मागं. आमची ही पदर तोंडाला लावून पायरीवर, नंदा माझ्याजवळ. नंदा चांगली धीट झाली होती, सकाळपासनं मिसच्या पिशव्या उचलत होती. ऑटो सुरू झाला. मिसनं चांगला हात वर केला. नुसता, येते म्हणायला.

नंदा मटकन खाली बसली आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

मिसचा हात तसाच वर राहिला. तिनं नंदाकडं बघितलं. मग हात हळूहळू खाली घेतला, पोरीला दिसेल असा, आणि स्वतःच्या मांडीखाली सरकवला. नंदानं बोटांतनं बघितलं. मिस हातावर बसली होती. ऑटो गल्लीच्या वळणावर जाईपर्यंत ती तशीच हातावर बसून होती आणि मागं वळून पोरीकडं बघत नुसती नाही, नाही अशी मान हलवत होती.